मुदत मागणारा वकील

अमरावतीच्या कोर्टात शुभंकरला वकिली करून चार वर्षं झाली होती आणि या चार वर्षांत तो एकही दावा हरला नव्हता. हे तो चारचौघांत सांगायचा. एकही दावा चालवला नव्हता, एवढं सांगायचं तेवढं राहून जायचं.

त्याचे वडील कमलाकांत वकील म्हणजे दिवाणी कोर्टातलं जुनं नाव. त्यांच्या हाताखाली शुभंकरकडे एकच काम होतं, तारीख घेण्याचं. बाबा दुसऱ्या कोर्टात अडकले की हा उभा राहायचा, मुदतीचा अर्ज पुढे सरकवायचा आणि असा काही आवाज लावायचा, जणू सासरी निघालेली लेक आईकडे अजून दोन दिवस मागते आहे. अशील आजारी. अशिलाची बायको आजारी. कागद सापडत नाहीत. कागद सापडले, पण वाचायचे आहेत. समोरच्याला घाम फुटावा आणि न्यायाधीशांना पाझर, असा त्याचा हातखंडा. बार रूममधले जुने वकील म्हणायचे, "कमलाकांत, पोरगा तयार झाला तुझा." कशासाठी तयार झाला, ते कोणी बोलत नसे.

असा हा माणूस सैन्यात निवडला गेला.

सैन्याची स्वतःची कोर्टं असतात आणि तिथेही वकील लागतात. पण तो वकील आधी अधिकारी व्हावा लागतो. चेन्नईच्या अकादमीत जवळजवळ वर्षभर चिखलमातीत लोळायचं, दोरावर चढायचं, पाठीवर वजन घेऊन पळायचं, आणि मग कुठे सैन्याच्या कायद्याचं पुस्तक उघडायचं. शुभंकरनं अर्ज भरताना शेवटचा भाग आधी वाचला होता. मुलाखतीत त्याला विचारलं, तुमचा सगळ्यांत मोठा गुण कोणता? "संयम," तो म्हणाला. ते खोटंही नव्हतं. चार वर्षं तो दुसऱ्यांच्या संयमावरच जगत होता.

निवडीची बातमी आली आणि अकोल्याच्या मामांनी लगेच सत्कार ठेवला. शाल, नारळ, पेढे. सूत्रसंचालकानं "सीमेवर छातीचा कोट करून उभा राहणारा आपला भाचा" असं म्हणून टाकलं. शुभंकरच्या छातीचा शर्ट तेव्हा पोटावर ताणला होता. त्यानं दुरुस्ती सुचवली नाही, उलट हात जोडले. मग अमरावतीत गल्लीनं सत्कार केला, मग बार असोसिएशननं, मग ज्या शाळेत तो कवायतीच्या तासाला पोटदुखीची चिठ्ठी न्यायचा, त्या शाळेनं. घरी सहा शाली झाल्या. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात हजर व्हायचं होतं. सातव्या शालीच्या दिवशी रुजू होण्याचं पत्र आलं, आणि त्यात एक ओळ होती: येताना दोन पूर्णांक चार किलोमीटर पंधरा मिनिटांत धावण्याची तयारी करून यावे.

तो दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या मैदानावर गेला. नवे पांढरे बूट, नवी शिटी, नवं घड्याळ. पाऊण फेरीनंतर तो एका बाकावर बसला आणि शेजारच्या आजोबांशी हवामानावर बोलू लागला.

हे रूपालीच्या कानावर गेलं. रूपाली त्यांच्या चेंबरमध्ये टाइप करायची, राहायची वलगावला, आणि तिच्या तोंडाला कुलूप नव्हतं.

"सर, असं होणार नाई तुमचं. आमच्या वलगावले या. देवमनभाऊ हायेत तिथं. फौजेतून हवालदार होऊन आले. गावातल्या पोरापोरीइले भरतीसाठी पयवते. गोड बोलत नाईत, पन पयवते."

"फी?"

"त्याइले नका इचारू. मारतीन."

असा शुभंकर पहाटे स्कूटर काढून वलगावला पळायला जाऊ लागला. गाव संपतं तिथल्या शेवटच्या घरासमोर देवमन उभा असायचा. पन्नाशीचा, काटकुळा, कान जरा पुढे आलेले, जणू सतत कुठला तरी हुकूम ऐकतो आहे. घराच्या ओट्यावर त्याची आई, पार्वताबाई, झेंडूची टोपली घेऊन बसलेली. गुडघे गेले होते तिचे, पण हात चालायचे आणि तोंड त्याहून जास्त. नवरात्र जवळ आलेलं, अंबादेवीच्या बाजारात फुलांना मागणी. सुईत दोरा आणि ओठांत ओवी, दोन्ही एकदमच.

"आमच्या वावरापर्यंत पयाचं," देवमन म्हणाला. "सायकलच्या चाकानं मोजलं हाये मी. दोन पॉइंट चार. नाला वलांडाचा, धुऱ्यानं जाचं, मंदिराच्या मांगून वयाचं, मंग वावर. मी सायकलनं मांगून येतो. थांबान तर बोलीन, पन चांगलं नाई बोलनार."

शुभंकर निघाला. नाल्यापर्यंत बरा गेला. धुऱ्याच्या अरुंद बांधावर त्याला आयुष्यात केलेली सगळी खाबुगिरी आठवली, एकेक कचोरी, एकेक तर्री. मंदिरामागे तो देवाला नमस्कार करायच्या निमित्तानं थांबला.

"देव संध्याकायपरेंत तिथंच हाये," मागून आवाज आला. "पया."

पहिल्या दिवशी बावीस मिनिटं लागली. परत येताना त्याचे पाय एकमेकांना ओळख देत नव्हते. ओट्यावरून पार्वताबाईनं नव्या ओवीनं स्वागत केलं:

"पयते वकील गं, बूट पांढरे घालून,
तोंड गेलं म्होरं, पाय बसले रुसून."

शेजारच्या चार बाया हसल्या. शुभंकरही हसला, हसायला रडण्यापेक्षा कमी दम लागत होता.

तीन आठवडे असे गेले. बावीसची वीस झाली, विसाची साडेसोळा, आणि तिथे घोडं अडलं. जायला बारा दिवस उरले. एके दुपारी त्यानं रूपालीला समोर बसवलं आणि हलक्या आवाजात मजकूर सांगू लागला. उमेदवारास या तुकडीऐवजी पुढील तुकडीत, म्हणजे सहा महिन्यांनी, सामावून घ्यावे. आयुष्यातला सर्वोत्तम अर्ज होता तो. एकेक वाक्य तुपात घोळलेलं.

"कारण काय टाकू, सर?"

"घोटा मुरगळला."

"कोनता? डावा का उजवा?"

शुभंकरनं टेबलाखाली वाकून दोन्ही घोट्यांकडे पाहिलं. दोन्ही ठणठणीत होते. त्याला त्यांचा राग आला.

"डावा," तो म्हणाला.

रूपालीनं टाइप केलं.  

सही उद्या करू म्हणून कागद फायलीत ठेवला आणि दुसऱ्या पहाटे तो वलगावला गेला, ते निरोप घ्यायला. ओट्यावर अजून कोणी नव्हतं. "देवमनभाऊ, मी जरा मुदत मागून घेतो आहे. सहा महिने. तोवर तयारी पक्की होईल."

देवमननं सायकल भिंतीला लावली.

"मुदत. हौ. सवय हाये ना तुमाले."

"म्हणजे?"

"चाला. आज पयू नका. या इकडं."

देवमननं त्याला घरामागे नेलं. तिथून एक जुनी बैलगाडीची वाट सरळ पूर्वेला जात होती, दोन्ही बाजूंनी खचलेली, मध्ये गवत. शंभर पावलांवर ती संपत होती. काटेरी तार, बाभळीच्या फांद्या, त्यावर एक गंजका पत्रा. आणि तारेच्या पलीकडे, अगदी हाकेवर, झेंडूचं पिवळं वावर आणि संत्र्याची हिरवी रांग. तेच वावर. ज्याच्यासाठी तो तीन आठवडे नाला, धुरा आणि मंदिर पार करून जीव सोडत होता.

"हे तर इथेच आहे!" शुभंकर म्हणाला. "मग आपण सगळे एवढं फिरून का जातो?"

"उत्तमरावानं तार घातली. म्हनते, वाट माही हाये. वावर माह्या बुढीच्या नावावर हाये. मी फौजेत होतो तवाच तिनं दावा टाकला. साहा वर्सं झाली. बुढीले आता एवढं फिरून चालवत नाई. दोन वर्सं झाले, तिनं आपलं वावर पाह्यलं नाई. फुलं मी तोडून आनतो, ती ओवते."

शुभंकर तारेपाशी थबकला. उत्तमराव हे नाव त्याच्या ओळखीचं होतं. तरी त्यानं, माणूस बुडताना काडी धरतो तसं, विचारलं:

"उत्तमरावांचे वकील कोण आहेत?"

देवमननं त्याच्याकडे पाहिलं. रागानं नाही, कवायतीत चुकलेल्या जवानाकडे पाहावं तसं.

"तुमी."

पार्वताबाई विरुद्ध उत्तमराव. पिवळी फाईल, वर बाबांचं अक्षर. चार वर्षांत त्यानं त्या फायलीत किमान पंधरा तारखा घेतल्या होत्या. अशील आजारी. अशिलाची बायको आजारी. वादी म्हणून एक म्हातारी मागच्या बाकावर बसलेली असायची, हेही त्याला आता आठवलं. चेहरा नाही, फक्त लुगड्याचा रंग. आणि रोज पहाटे जो रस्ता त्याचा ऊर फोडत होता, तो त्यानंच, एकेक तारीख जोडून, हातानं लांब केला होता. इतकं मोठं बांधकाम आपण केलं असेल याची त्याला कल्पना नव्हती.

"तुम्ही मला ओळखलं होतं? पहिल्या दिवशी?"

"आवाजावरून. बुढीनं तर तुमी स्कूटर लावताच वयखलं."

"मग मला शिकवलं काऊन?" पहिल्यांदाच त्याच्या तोंडून वलगावची भाषा निघाली.

"पयाले शिकाले आले होते ना? केस शिकाले थोडीच आले होते." देवमन सायकलकडे वळला. "दोन गोष्टी येगयेगळ्या असते, वकीलसाहेब. तिकडं फौजेत हेच शिकवतीन तुमाले."

चेंबरला पोहोचल्यावर त्यानं रूपालीला गाठलं. "तुला माहीत होतं?"

"मले काऊन माईत नसन? तुमचे सारे अर्ज टाइप कोन करते?" ती मान वर न करता म्हणाली. "शुक्रवारी तारीख हाये त्या केसची. कारण काय टाकू?"

त्या संध्याकाळी त्यानं बाबांना सगळं सांगितलं. कमलाकांतांनी चष्मा काढला.

"म्हणजे तू समोरच्या पार्टीकडे शिकवणीला जातोस?"

"माहीत नव्हतं, बाबा."

"आता माहीत झालं. उत्तमरावांना कळव आधी." कळवलं. उत्तमराव फोनवर खूश झाले: "अरे वा, त्याइच्या घरातच शिरले तुमी! लागू द्या त्याइले गोडी. शुक्रवारी फक्त तारीख घ्या, लय झालं."

बाबाही तेच म्हणाले. "जाता जाता एवढी तारीख घेऊन ठेव. पुढचं मी पाहीन."

"बाबा, मी युक्तिवाद करू?"

कमलाकांतांनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर ठेवला. "कोणाच्या बाजूनं?"

हा प्रश्न शुभंकरनंही स्वतःला विचारून झाला होता. वकीलपत्र उत्तमरावाचं होतं. मन फितूर झालं म्हणून वकीलपत्र फितूर होत नाही. "उत्तमरावांच्या," तो म्हणाला. "जेवढं त्यांच्या बाजूनं बोलता येईल, तेवढं सगळं. फक्त तारीख मागणार नाही. एका तरी ठिकाणी मला ती न मागता उभं राहायचं आहे. इथे जमलं नाही, तर तिकडे जाऊन काय करू?"

"कर," बाबा म्हणाले. "हरशील पण."

पहाटेचं पळणं सुरूच होतं. तीन दुपारी तो बार रूममध्ये फाईल घेऊन बसला. जुन्या वकिलांना वाटलं, पोराची तब्येत बिघडली.

शुक्रवारी प्रकरण पुकारलं. न्यायाधीश मॅडमनी वर न पाहता हात पुढे केला. त्यांना अर्ज घ्यायची सवय होती. हातात काही आलं नाही. त्यांनी वर पाहिलं.

"मॅडम, प्रतिवादी तयार आहे. रस्ता तात्पुरता खुला करावा हा वादीचा अर्ज सहा वर्षं पडून आहे. त्यावर आज युक्तिवाद करायचा आहे."

 पार्वताबाईचे म्हातारे वकील धडपडत उठले. "मॅडम, मी... आज मी तयार नाही. मला वाटलं, नेहमीप्रमाणे... एक तारीख मिळावी."

"सहा वर्षांत पहिल्यांदा समोरची बाजू तयार आहे," मॅडम म्हणाल्या, "आणि तुम्हाला तारीख पाहिजे? बोला, वकीलसाहेब."

शुभंकर बोलला. सुरुवातीला आवाज मुदतीच्या अर्जाचाच लागला, मऊ, लाडिक. मग त्याचा त्यालाच कंटाळा आला. गावनकाशात ही वाट दाखवलेली नाही. वापर होता तो परवानगीनं होता, हक्कानं नव्हे. दुसरा रस्ता उपलब्ध आहे. वीस मिनिटं तो अशिलासाठी भांडला आणि एकही गोष्ट हातची ठेवली नाही. मागच्या बाकावर उत्तमराव मात्र दर वाक्याला खाली सरकत होते. त्यांना तारीख हवी होती, व्याख्यान नको होतं.

मॅडमनी पार्वताबाईच्या वकिलांकडे पाहिलं. ते कागद शोधत होते. तेवढ्यात मागून देवमन उठला, टाचा जुळवल्या.

"मॅडम, परवानगी असली तर. हे म्हनते दुसरा रस्ता हाये. हाये. दोन पॉइंट चार किलोमीटर. सरळ गेलं तर साडेतीनशे पावलं. माह्यावर इस्वास नसन, तर त्याइच्याच वकिलाले इचारा. तो रोज पयते तिथून."

कोर्ट हसलं. शिपाईही हसला. मॅडमनी हसू आवरून शुभंकरकडे पाहिलं. "खरं आहे का, वकीलसाहेब?"

शुभंकरचे कान तापले. हो म्हणावं तर आपल्याच अशिलाविरुद्ध साक्ष. नाही म्हणावं तर खोटं, आणि तेही त्या माणसासमोर, ज्यानं मंदिरामागे त्याला रोज पकडलं होतं. पूर्वी असा पेच आला असता तर त्यानं पाणी मागितलं असतं आणि पाण्याबरोबर तारीख.

"मॅडम, मी इथे वकील आहे, साक्षीदार नाही," तो म्हणाला. "मात्र अंतराबद्दल प्रतिवादीचा वाद नाही, आमच्या लेखी कैफियतीतही नाही. आमचा वाद फक्त हक्काबद्दल आहे."

"अंतराबद्दल वाद नाही," मॅडमनी लिहून घेतलं, आणि लेखनिकाला आदेश सांगायला लागल्या. दाव्याचा अंतिम निकाल लागेपर्यंत वादीला पायी आणि बैलगाडीनं जाण्यायेण्यासाठी वाट खुली ठेवावी. तार तीन दिवसांत काढावी.

चार वर्षं न हरलेला शुभंकर पाऊण तासात हरला. बाहेर व्हरांड्यात उत्तमरावांनी त्याला गाठलं. "मी वकील लावला होता का भजनी बुवा?" आणि फाईल मागून घेतो म्हणत जिना उतरले.

कमलाकांत दाराशी उभे होते. सगळं ऐकलं होतं त्यांनी.

"हरलास."

"हो, बाबा."

"त्याच्यासाठी जेवढं बोलता येत होतं, तेवढं बोललास." त्यांनी जिन्याकडे पाहिलं. "मी तीस वर्षांत इतका नीट कधी हरलो नाही. अशील गेला ते वेगळं." मग कोटाची बाही झटकत म्हणाले, "चहा घेऊ."

चेंबरमध्ये रूपालीनं घोट्याचा अर्ज पुढे केला. "सर, याच्यावर सही राह्यली."

"राहू दे," शुभंकर म्हणाला. "दोन्ही घोटे बरे आहेत."

जाण्याच्या आदल्या पहाटे तो वलगावला गेला. तार निघाली होती, फांद्या बाजूला ओढल्या होत्या. ओटा रिकामा. देवमननं घड्याळ हातात घेतलं.

"तुमी लांबून पया. आमी सरळ जाऊन राह्यलो."

शुभंकर पळाला. नाला, धुरा, मंदिर. आज मागे सायकल नव्हती, शिवी नव्हती, थांबलं तरी पाहणारं कोणी नव्हतं. मंदिरामागे त्याच्या पायांनी जुन्या सवयीनं विनंती केली. त्यानं ती फेटाळली. पूर्वेला उजाडत होतं, ओल्या झेंडूचा कडवट वास नाकात भरत होता, आणि तो थकलेल्या घोड्यासारखा फुरफुरत वावराच्या कोपऱ्यावर येऊन वाकला.

पार्वताबाई त्याच्या आधी पोहोचली होती. हातात काठी, कमरेला ओटी, आणि एकेका संत्र्याच्या झाडाला हात लावत ती चालली होती. खोडावर, फांदीवर, पानाच्या पाठीवर. कोणाची तब्येत कशी आहे ते विचारत असावी.

"आजी," शुभंकर धापा टाकत म्हणाला, "आज माझ्यावर ओवी नाही?"

"आज मले तुमच्याकडं पाहाले येळ कुठी हाये, बाप्पा?" ती वळलीही नाही. "हे झाड पाहा, केवढं होतं अन् केवढं झालं."

शुभंकरनं देवमनकडे पाहिलं. "किती?"

"पंधरा मिनिटं, एकोनीस सेकंद."

"एकोणीस सेकंद! तेवढे सोडून देता येतात ना? घड्याळ जरा उशिरा दाबलं असेल."

"नाई."

"म्हणजे नापास?"

"म्हनजे एकोनीस सेकंद मांगं. तिथं जा. ते काढतीन." देवमननं घड्याळ खिशात टाकलं आणि झेंडूच्या दोन भरल्या पोत्यांकडे बोट केलं. "तुमची स्कूटर रिकामीच चालली ना अमरावतीले? हे दोन घेऊन जा अंबादेवीच्या बजारात. गंगूबाईच्या दुकानी उतरवा. ती वाट पाहून राह्यली."

"मी उद्या सैन्यात जातो आहे, देवमनभाऊ."

"उद्या ना. आज फुलं न्या."

सरळ वाटेनं ती पोती दोघांनी घरापर्यंत आणली. एक मागे बांधलं, एक शुभंकरनं पायाशी घेतलं. पोतं एवढं फुगलेलं की गुडघे बाहेर काढून बसावं लागलं. अमरावतीच्या रस्त्यावर दोन ओळखीचे वकील सकाळच्या फेरीला निघालेले दिसले. त्यांनी हात केला, त्यानंही केला, आणि स्कूटर हळू घेतली, कारण वळणावर पोत्याच्या तोंडातून फुलं सांडत होती.